बारीक माणसाचं तेलकट रक्त

वजनकाटा म्हणतो 'फिट', लॅबचा कागद म्हणतो 'जरा थांबा'. तूप, तेल, खारी आणि हृदय यांच्यातल्या भानगडीचा सानपाडा ते पुणे असा एक तपास.

आमच्या ऑफिसात लंच-टाइमला तीन पंथ बसतात. पहिला तूपपंथ. यांच्या मते आजी-पणजीच्या काळात सगळे वाटीभर तूप ओरपायचे आणि नव्वदी गाठायचे, त्यामुळे डब्यातली पोळी चमकलीच पाहिजे. दुसरा एअरफ्रायर पंथ. यांना तेलाचा थेंब दिसला तरी धडधडतं. भाजी उकडलेली, चिवडा भाजलेला, आणि बिस्किटाच्या पुड्यावर 'लो-फॅट' लिहिलेलं असेल तर मात्र अख्खा पुडा माफ! तिसरा पंथ नवा आणि जिमवाला. हा सकाळी कॉफीत बटर घालून पितो आणि भाताच्या मुदीकडे पूर्वजन्मीचं वैर असल्यासारखा बघतो.

मी यातल्या कुठल्याच पंथाचा नाही. सानपाड्यात राहतो, ऑफिसही सानपाड्यातच. घरचा डबा, चार वाजता चहा-खारी, संध्याकाळी स्टेशनबाहेर कधीमधी वडापाव. वजन ६२ किलो, उंची पाच फूट सहा इंच, म्हणजे बीएमआय २२. मित्र मला 'काडी' म्हणतात. या वर्षी कंपनीने सगळ्यांची हेल्थ चेकअप केली तेव्हा काडीचा रिपोर्ट असा आला: टोटल कोलेस्टेरॉल १९८, एलडीएल ११५, एचडीएल ३४ आणि ट्रायग्लिसराइड २४६. पहिला आकडा २०० च्या आत, म्हणजे काठावर पास. शेवटचे दोन मात्र जाड अक्षरात, शेजारी बाण काढलेले.

आमच्या घरात हा विषय गमतीचा नाही. बाबांची अँजिओप्लास्टी ५४ व्या वर्षी झाली. तेही बारीकच होते, आजही आहेत. त्यामुळे रिपोर्ट घेऊन मी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी वजन विचारलंच नाही. टेप काढली, बेंबीच्या पातळीवर कमर मोजली आणि म्हणाल्या, "९१. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. तू रेषेच्या पलीकडे आहेस, काडी असलास तरी." आणि मग त्यांनी मला एका फोटोबद्दल सांगितलं.

फोटोतले दोन डॉक्टर

२००४ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हा फोटो छापून आला होता. दोन डॉक्टर शेजारी-शेजारी उभे. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय बरोब्बर सारखा, २२.३. कुठलाही इन्शुरन्स एजंट दोघांना एकाच हप्त्यात बसवेल. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! दोघांच्या आडनावाचं इंग्रजी आद्याक्षर 'वाय', म्हणून या प्रकाराचं नाव पडलं 'वाय-वाय पॅराडॉक्स'.

त्या छोट्याशा टिपणात एक मिश्कील वाक्यही आहे. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत जाऊन ती पकडणं, अशा अर्थाचं. सानपाडा स्टेशनचा जिना उतरताना गाडीचा हॉर्न ऐकून जो काही व्यायाम आपण करतो, तो याच जातीचा.

पण याज्ञिक नुसता फोटो काढून थांबले नव्हते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांच्या टीमने १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. पूर्ण दिवसांची ही बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपली बाळं किडकिडीत, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. चरबीचा थर मात्र त्या मानाने फारसा कमी नाही. बाहेरून बारीक, आतून चरबीवाली. याला त्यांनी 'थिन-फॅट' भारतीय म्हटलं. म्हणजे पुढे नोकरी लागल्यावर, खुर्चीत बसून आपण जे पोट कमावतो, त्याची तयारी कदाचित आईच्या पोटातच झालेली असते. दोष कुणाचाच नाही, पण हिशेब आपल्यालाच चुकवायचा असतो.

चरबी कुठे साठते यालाही महत्त्व आहे. मांड्या-नितंबांच्या कातडीखाली साठलेली चरबी तुलनेने निरुपद्रवी. आपल्या लोकांत ही जागा कमी असावी आणि ती लवकर भरत असावी, असं अनेक संशोधकांना वाटतं. मग उरलेला माल पोटात, आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये जातो. तिथली चरबी गप्प बसत नाही. ती इन्शुलिनचं ऐकेनाशी होते, लिव्हरला सतत चरबी पाठवत राहते, आणि लिव्हर ती रक्तात सोडत राहतं.

पोळीवरच्या तुपाचं पुढे काय होतं?

इथे थोडं शास्त्र, पण घाबरू नका. तेल-तूप पाण्यात विरघळत नाही आणि रक्त म्हणजे बहुतांश पाणीच. म्हणजे सगळा प्रश्न ट्रान्स्पोर्टचा आहे. लहान आतड्यात पित्तरस तुपाचे बारीक-बारीक थेंब करतो, भांड्याचा साबण कढईतल्या तेलाचे करतो तसे. स्वादुपिंडातलं लायपेज नावाचं एन्झाइम ते तोडतं. आतड्याच्या पेशी ते तुकडे पुन्हा जोडून, वर प्रथिनाचं वेष्टण चढवून एक पार्सल बनवतात. त्याचं नाव कायलोमायक्रॉन. भात-साखर आतड्यातून थेट लिव्हरला जाते. हे पार्सल मात्र लसीकावाहिनीतून, छातीतून वर चढत, मानेजवळच्या मोठ्या शिरेत जाऊन रक्तात उतरतं. सानपाड्याहून वाशीला जायला ठाण्याचा फेरा घ्यावा तसं! तुपकट जेवणानंतर तीन-चार तासांनी रक्त काढून ठेवलं तर वरचा पाण्यासारखा भाग चक्क दुधाळ दिसतो, तो यांच्यामुळेच.

पार्सलं स्नायूंपाशी आणि चरबीच्या पेशींपाशी रिकामी होतात. स्नायू काम करत असेल तर तो माल पटकन उचलतो. दिवसभर खुर्चीत असेल तर उचल मंद. संध्याकाळी पाऊण तास भरभर चाललेल्या माणसाच्या रक्तात दुसऱ्या दिवशीच्या जेवणानंतरही ट्रायग्लिसराइड कमी चढतात, हे प्रयोगांत पुन:पुन्हा दिसलंय. व्यायामाचा हा फायदा वजनकाट्यावर दिसत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही.

आता खरी गंमत. माझे २४६ ट्रायग्लिसराइड आले कुठून? माझा पहिला अंदाज: तेल. डॉक्टरबाईंनी माझ्या दिवसाची यादी लिहून घेतली आणि पेनाने गोल केले. तीन चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. दुपारी चार पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वर भात. चारची खारी. रात्री पुन्हा भात. गोल एकाही तेलाच्या पदार्थाभोवती नव्हता, खारी सोडली तर. "लिव्हर म्हणजे हलवाई आहे रे," त्या म्हणाल्या. "साखर आणि मैदा जास्त आला की तो त्याची चरबी करून विकायला काढतो."

हलवायाच्या या मालाचं नाव व्हीएलडीएल. ट्रायग्लिसराइडने भरलेले हे कण रक्तात वाढले की एचडीएल खाली येतं आणि एलडीएलचे कण लहान व दाट होतात. ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली, टोटल कोलेस्टेरॉल 'नॉर्मल': हा अस्सल भारतीय रिपोर्ट आहे. शनिवारची बिअर त्यात आणखी भर घालते. आयसीएमआरच्या देशव्यापी 'इंडियाब' पाहणीचे २०२३ साली आलेले आकडे सांगतात, तपासलेल्या प्रौढांपैकी ८१.२ टक्के लोकांचा लिपिड प्रोफाइलमधला एक तरी आकडा बिघडलेला होता. याच पाहणीचा आहाराबद्दलचा निबंध २०२५ मध्ये आला. आपल्या एकूण कॅलरींपैकी साधारण ६२ टक्के कार्बोहायड्रेटमधून येतात. आपण तेलावर भांडत बसतो आणि भाताचा कुकर शिट्ट्या मारत असतो.

शिवडीचा डबा

म्हणून काय तेल-तूप निर्दोष सुटलं? अजिबात नाही. इथे हार्बर लाइनवरची एक जुनी गोष्ट सांगायला हवी. ज्या लाइनवर सानपाडा आहे त्याच लाइनवर शिवडी आहे. तिथे १९३२ साली वनस्पती तूप बनवणारा कारखाना सुरू झाला आणि १९३७ साली त्यातून आला 'डालडा'. पिवळा डबा, त्यावर माडाचं झाड. स्वस्त, टिकाऊ, तुपासारखं रवाळ. आपल्या आज्यांनी त्यात करंज्या तळल्या, रिकाम्या डब्यात तुळशी लावल्या, पाणी भरलं.

पातळ तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करायची ही युक्ती. पण अर्धवट हायड्रोजन घातलं की तेलाच्या रेणूंची वळणं सरळ होतात आणि तयार होतं ट्रान्स फॅट. आहारातल्या सगळ्या चरबींत हा सर्वांत दुष्ट मेंबर. एलडीएल वाढवतो आणि त्याच वेळी एचडीएल उतरवतो. या एका मुद्द्यावर शास्त्रज्ञांत आता भांडण उरलेलं नाही. भारतात एफएसएसएआयने तेला-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. अन्नपदार्थांनाही त्यातल्या चरबीच्या २ टक्क्यांचाच नियम लागला. त्याआधी काही वर्षं ही मर्यादा ५ टक्के होती आणि त्याही आधी १० टक्के! आपल्या कॉलेजच्या दिवसांतली कँटीनची पॅटीस आठवा आणि गप्प बसा.

पण खारी खुसखुशीत व्हायला काहीतरी घट्ट चरबी लागतेच. ट्रान्स फॅट गेलं की त्याच्या जागी बऱ्याचदा पाम तेलापासून केलेली घट्ट चरबी येते, आणि पाम तेलात साधारण निम्मी चरबी संपृक्त असते. 'झीरो ट्रान्स फॅट' असं पुड्यावर छापलेलं असतं, ते खरंही असतं. त्याच्या खालची सॅच्युरेटेड फॅटची ओळ मात्र वाचायची राहते. माझी चारची खारी म्हणजे मैदा अधिक घट्ट चरबी: लिव्हरच्या हलवायाला कच्चा माल आणि वर एलडीएलला आमंत्रण, दोन्ही एकाच कागदात.

'टाइम'ची दोन कव्हरं

तूपपंथाशी वाद घालताना ते हमखास म्हणतात, "अरे, आता तर अमेरिकावालेसुद्धा म्हणतात बटर खा!" हे कुठून आलं ते सांगतो. १९६१ साली 'टाइम' साप्ताहिकाच्या कव्हरवर अॅन्सल कीज नावाचे शास्त्रज्ञ होते. प्राण्यांची चरबी आणि हृदयविकार यांचं नातं लावून देणारे हेच. २०१४ साली त्याच 'टाइम'च्या कव्हरवर बटरचा कर्ल आला आणि खाली लिहिलं होतं, बटर खा. त्रेपन्न वर्षांत पूर्ण यू-टर्न? लोक वैतागले, आणि वैतागणं साहजिक होतं.

प्रत्यक्षात यू-टर्न एवढा मोठा नव्हता. काही मोठ्या आढाव्यांत संपृक्त चरबी आणि हृदयविकार यांचा थेट संबंध ठळक दिसला नाही, हे खरं. पण त्यात एक मेख होती. माणूस बटर सोडतो तेव्हा त्याच्याऐवजी काय खातो? अमेरिकेने 'लो-फॅट' चा नारा दिला आणि लोकांनी लो-फॅट कुकीज खाल्ल्या, साखर घातलेलं लो-फॅट दही खाल्लं. फायदा शून्य. संपृक्त चरबीच्या जागी असंपृक्त तेल, दाणे, मासे आले तेव्हा मात्र फायदा दिसतो. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात दीर्घकाळ संपृक्त चरबी कमी केलेल्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना १७ टक्क्यांनी कमी आढळल्या. मृत्यूच्या आकड्यात मात्र फारसा फरक नव्हता, हेही सांगायला हवं. तूपपंथ हे वाक्य सोडून देतो का बघा, नाहीतर हेच पकडून बसेल.

संपृक्त चरबीने एलडीएल का वाढतं, तेही ठाऊक आहे. लिव्हरच्या पेशींवर एलडीएल रक्तातून ओढून घेणारे दरवाजे असतात, ज्यांना रिसेप्टर म्हणतात. ते शोधल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन या जोडीला १९८५ चं नोबेल मिळालं. संपृक्त चरबी जास्त झाली की हे दरवाजे कमी होतात. एलडीएल रक्तात जास्त वेळ फिरत राहतं, रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतं, तिथे साचतं. हे काम वर्षानुवर्षं, आवाज न करता चालतं. आपल्याकडे ते लवकर सुरू होतं. दक्षिण आशियातल्या लोकांत पहिल्या हार्ट अॅटॅकचं मधलं वय ५३ आहे, इतर देशांत सुमारे ५९, असं 'इंटरहार्ट' या ५२ देशांच्या अभ्यासात २००७ साली निघालं. बाबांचं ५४ मला त्या दिवशी वेगळंच दिसायला लागलं.

तूपपंथाला माझं उत्तर हिशेबाचं आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, संपृक्त चरबीतून आलेल्या कॅलरी एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. २,००० कॅलरी खाणाऱ्याला म्हणजे सुमारे २२ ग्रॅम. तुपाचा एक छोटा चमचा ५ ग्रॅमचा, त्यात संपृक्त चरबी साधारण ३ ग्रॅम. वरणभातावर एक चमचा तूप घेतलंत तर कुणाचं काही बिघडत नाही. पण पोळीला चमचा, भाताला दोन, संध्याकाळी चीझवाला सँडविच आणि शनिवारी बटर चिकन, असं झालं की २२ ग्रॅम कधी उडाले कळत नाही. आजी वाटीभर तूप खायची म्हणतात, पण ती विहिरीचं पाणी शेंदायची, जात्यावर दळायची. आणि गाडीच्या डब्यात जागा मिळाली तर डुलकीही काढायची नाही, कारण गाडीच नव्हती! खोबरेल तेलाबद्दलही भावना दुखावतील, पण त्यात जवळजवळ नव्वद टक्के चरबी संपृक्त आहे आणि इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत ते एलडीएल वाढवतं. सोलकढी सोडा असं मी म्हणणार नाही. खोबरेल हे 'सुपरफूड' आहे, असं सांगणाऱ्या रीलवाल्यांना सोडा. आणि जिमपंथातल्यांनी बटर-कॉफी सुरू केल्यावर एकदा एलडीएल तपासून घ्यावं. काही जणांचं कीटोवर असं काही उसळतं की डॉक्टरांना वाटतं लॅबने घोळ घातला.

पाच लिटरचा कॅन

आमच्या घरी दर महिन्याला तेलाचा पाच लिटरचा कॅन येतो. आम्ही चौघं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २,००० कॅलरींच्या दिवसाच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय, म्हणजे चहाचे सहा चमचे. चार माणसं, तीस दिवस, गुणाकार केला तर होतात ३,२४० ग्रॅम. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅमचं. म्हणजे साडेतीन लिटर, तेही तूप-लोणी धरून, आणि बाहेरचा वडा-भजी वेगळी न धरता. आईला हा हिशेब दाखवला. तिने चष्मा लावून कागद बघितला आणि म्हणाली, "पाहुणे नाही का येत? आणि दिवाळीचा फराळ तुझी ती संस्था करून देणार आहे का?" मुद्दा बिनतोड होता. तरी पुढच्या महिन्यापासून कॅन पाच आठवडे पुरवायचं ठरलं. एक गोष्ट तिनेच काढली: तेल बाटलीतून ओतायचं नाही, चमच्याने घालायचं. एवढ्यानेच बराच फरक पडतो.

कुठलं तेल? सानपाड्याला खेटूनच एपीएमसी मार्केट आहे. मस्जिद बंदरहून इकडे आलेलं दाणा बंदर आणि मसाला मार्केट तिथेच. शेंगदाणे, तीळ, करडई, जवस, कारळं, अक्रोड सगळं एका फेरीत दिसतं. शेंगदाणा तेलात संपृक्त चरबी साधारण पाचवा हिस्सा, करडईत दहाव्या हिश्श्याच्याही आत. मराठवाडा-सोलापूरकडची करडई आपण विसरलो आणि ऑलिव्ह ऑइलच्या पाव लिटरच्या बाटलीसाठी शेकड्यांत पैसे मोजायला लागलो, याचं मला खरंच वाईट वाटतं. सध्या लाकडी घाण्याच्या तेलाचीही फॅशन आहे. वास-चव झकास, शंकाच नाही. पण घाण्यावर काढलं म्हणून शेंगदाण्याची चरबी बदलत नाही आणि कॅलरीही तेवढ्याच राहतात. चवीसाठी घ्या, औषध म्हणून नको.

जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ जातीची चरबी असते. शाकाहारी मंडळींनी जवसाची चटणी दही-भाकरीबरोबर खावी, इतकं सोपं आहे ते. मासे खाणाऱ्यांची तर चैनच. नवी मुंबई वसायच्या आधीपासून इथे आगरी-कोळी गावं आहेत, सानपाडा गावही त्यातलंच. सुरमई-पापलेटच्या मागे लागून खिसा रिकामा करण्यापेक्षा बांगडा आणि तारली घ्या. ओमेगा-३ भरपूर, भाव कमी. फक्त रव्यात घोळवून कढईत बुडवू नका. तव्यावर दोन चमच्यांत, किंवा तिखलं.

राहिला वडा. आमच्या वडापाववाल्या काकांना मी विचारलं, तेल रोज बदलता का. ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, "नव्या तेलात वडा फिका दिसतो साहेब. थोडं जुनं लागतंच." पुन:पुन्हा तापवलेल्या तेलात ऑक्सिजनशी झगडून नको ती संयुगं तयार होतात. ती मोजण्याची रीत आहे. एफएसएसएआयने जुलै २०१८ पासून नियम केलाय की तळणीच्या तेलात या 'टोटल पोलर कंपाउंड्स'चं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं तर ते तेल वापरायचं नाही. मोजायचं मीटर हातगाडीवर कोण ठेवणार? आपले डोळे आणि नाक हेच मीटर. तेल काळपट, चिकट, वर फेस आणि लगेच धूर, असं दिसलं तर त्या दिवशी पुढच्या गाडीने निघालेलं बरं.

तीन महिन्यांनंतर

मी काय केलं? चहा तीनाचे दोन, साखर अर्धा चमचा. रात्रीचा भात बंद नाही, पण निम्मा, आणि वरण दुप्पट. खारीच्या जागी शेंगदाणे-फुटाणे. आठवड्यातून दोनदा बांगडा. रात्री जेवणानंतर सेक्टरातल्या बागेभोवती चार फेऱ्या, फोन घरी ठेवून. तीन महिन्यांनी ट्रायग्लिसराइड २४६ वरून १६८. एलडीएल ११५ वरून १०८. एचडीएल महाशय मात्र ३४ वरून जेमतेम ३६ वर. वजन? दीड किलो कमी. ऑफिसात कुणाच्या लक्षातही आलं नाही. कमर ८८.

बाई खूश होत्या, पण पूर्ण नाही. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली लिपिडबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार कमी धोका असलेल्यांचंही एलडीएल १०० च्या आत हवं, आणि टोटलमधून एचडीएल वजा केल्यावर उरणारा आकडा १३० च्या आत. माझा तो १४२. हा 'नॉन-एचडीएल' आकडा बऱ्याच रिपोर्टवर छापलेलाच नसतो. वजाबाकी आपली आपण करायची. शिवाय त्याच सूचना म्हणतात, पहिली लिपिड टेस्ट १८ व्या वर्षीच करा, घरात हृदयविकार असेल तर आणखी आधी. आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए म्हणजेच 'एलपी स्मॉल ए' तपासा. हा कण आईबापांकडून येतो, तूप सोडून कमी होत नाही, आणि ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीचे सगळे आकडे जास्तच कडक पाळावे लागतात.

माझा तो रिपोर्ट यायचाय. धाकट्या बहिणीचीही टेस्ट बुक केली आहे. ती २४ वर्षांची, वजन ४८ किलो, आणि आजपर्यंत तिला कुणी कोलेस्टेरॉलबद्दल एक शब्द विचारलेला नाही. शनिवारी सकाळी साडेसातला लॅबचा माणूस येणार आहे. ती आताच विचारतेय, चहा पिऊन चालेल का.